कंपनीच्या नावाची निवड आणि त्याचे कायदेशीर संरक्षण: पुण्यातील उद्योजकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, पिंपरी-चिंचवड आणि परिसरात नवा व्यवसाय सुरू करणाऱ्यांकडून, तसेच जुन्या व्यवसायाची कंपनी करणाऱ्यांकडून जे प्रश्न सातत्याने येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कंपनी आणि ट्रेडमार्कविषयीचे कायदे केंद्राचे असल्यामुळे ते देशभर सारखे आहेत. दुकानाच्या पाटीविषयीचे नियम महाराष्ट्राचे आहेत. ट्रेडमार्क शुल्काचे आकडे ऑनलाइन अर्जाचे आहेत.

कंपनी निबंधकांनी नाव मंजूर केले, म्हणजे ते नाव आमच्या मालकीचे झाले का?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि तो महागात पडतो, म्हणून या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देत आहोत.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४ प्रमाणे नाव तपासले जाते, तेव्हा त्याच किंवा अगदी जवळच्या नावाची दुसरी कंपनी अथवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) आधीपासून आहे का, आणि ते नाव अन्य कारणाने अनिष्ट ठरते का, हे प्रामुख्याने पाहिले जाते. नोंदणीकृत किंवा अर्ज केलेल्या ट्रेडमार्कशी मिळते नाव त्याच्या मालकाच्या संमतीशिवाय देऊ नये, असा नियम आहे खरा. परंतु नाव मंजूर झाले म्हणून ट्रेडमार्कच्या मालकाचा हक्क संपत नाही. कंपनीची नोंदणी झाल्यापासून तीन वर्षांच्या आत तो कलम १६ खाली कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या प्रादेशिक संचालकांकडे अर्ज करू शकतो. अर्ज मान्य झाल्यास कंपनीला तीन महिन्यांत नाव बदलण्याचा आदेश मिळतो. तो पाळला नाही, तर सरकार स्वतःच कंपनीला नवे नाव देते; त्यात 'ओआरडीएनसी' ही अक्षरे, आदेशाचे वर्ष, अनुक्रमांक आणि कंपनीचा ओळख क्रमांक एवढेच असते. असे नाव घेऊन बँकेत किंवा ग्राहकाकडे जाण्याची वेळ कोणत्याही कंपनीवर येऊ नये.

तीन वर्षे उलटून गेली म्हणजे धोका टळला, असेही समजू नये. आपण नोंदवलेला ट्रेडमार्क दुसऱ्याने त्याच प्रकारच्या मालासाठी किंवा सेवेसाठी व्यवसायाचे नाव म्हणून वापरला, तर ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम २९(५) नुसार ते उल्लंघनच ठरते आणि त्याविरुद्ध न्यायालयात दावा लावता येतो. कंपनीच्या नोंदणीचे प्रमाणपत्र हा त्या दाव्यातील पुरेसा बचाव होत नाही.

शॉप अॅक्ट, उद्यम, जीएसटी किंवा भागीदारी संस्थेची नोंदणी केली असेल तर?

या नोंदणींपैकी कोणतीही नावावर हक्क देत नाही. शॉप अॅक्टची पावती आस्थापना कोठे आहे ते सांगते, जीएसटी क्रमांक करासाठी असतो आणि उद्यम नोंदणी उद्योगाचा आकार नमूद करते. भागीदारी संस्थेची नोंदणी १९३२ च्या कायद्याखाली होते आणि ती अवश्य करावी, कारण नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातून निर्माण झालेल्या हक्कासाठी तिऱ्हाइताविरुद्ध दावा लावता येत नाही; तथापि त्याच नावाची दुसरी संस्था शेजारच्या पेठेत सुरू झाली, तर केवळ त्या नोंदणीच्या बळावर तिला रोखता येणार नाही.

असे असले तरी ही कागदपत्रे जपून ठेवावीत. आपण नाव कोणत्या तारखेपासून वापरत आहोत हे सिद्ध करण्याची वेळ आली, की जुनी शॉप अॅक्टची पावती, पहिली बिले, जाहिरातीची कात्रणे आणि बँकेचे उतारेच उपयोगी पडतात.

कायद्याच्या दृष्टीने चांगले नाव कोणते?

जे नाव आपल्या मालाचे वर्णन करत नाही, ते. ग्राहकाला नाव वाचताच धंदा कळावा, असा बहुतेक उद्योजकांचा आग्रह असतो आणि विक्रीच्या दृष्टीने तो समजण्यासारखा आहे. परंतु नाव जितके वर्णनात्मक, तितके त्याचे संरक्षण दुबळे. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ नुसार मालाचा प्रकार, गुण, प्रमाण, हेतू, किंमत किंवा उगमस्थान सांगणारे शब्द, तसेच त्या व्यवसायात सर्रास वापरले जाणारे शब्द नोंदवले जात नाहीत. 'शुद्ध तूप', 'ताजी भाजी', 'जलद कुरिअर' असे शब्द सर्व व्यापाऱ्यांना मोकळे राहिले पाहिजेत, हा त्यामागचा विचार आहे आणि तो योग्यच आहे.

सर्वांत भक्कम नाव म्हणजे पूर्वी कोठेही नसलेला, घडवलेला शब्द. त्याखालोखाल ज्याचा मालाशी काहीही संबंध नाही असा नेहमीचा शब्द येतो. संगणक विकणाऱ्या कंपनीने 'अॅपल' हे फळाचे नाव घेतले, ते या प्रकारातले. त्यानंतर सूचक नावे येतात, जी मालाचा गुण सरळ न सांगता थोडा विचार करायला लावतात. उदाहरणादाखल एक काल्पनिक नाव घेऊ. पावसाळी छत्र्या बनवणाऱ्याने 'मृग' हे नाव घेतले, तर ते सूचक ठरेल. 'पाऊसरोधक' घेतले, तर ते वर्णन ठरेल आणि नोंदणी अधिकारी पहिल्याच टप्प्यावर आक्षेप घेईल.

वर्णनात्मक नावही दीर्घ वापराने लोकांच्या मनात एकाच व्यवसायाशी जोडले जाते आणि मग अर्जाच्या तारखेपूर्वी मिळवलेल्या त्या ओळखीच्या आधारे ते नोंदवता येते. मात्र त्यासाठी वर्षानुवर्षांची विक्री, जाहिरात खर्च आणि ग्राहकांमधील ओळख यांचे पुरावे द्यावे लागतात. नव्या उद्योजकाने या मार्गावर विसंबून नाव निवडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आडनावावरून नाव ठेवणे योग्य आहे का?

पुण्यातील अनेक जुने व्यवसाय आडनावानेच ओळखले जातात आणि त्या आडनावांना मोठी पत आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

पहिली अशी की, स्वतःचे नाव किंवा आडनाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला ट्रेडमार्क कायद्याचे कलम ३५ संरक्षण देते. म्हणजेच आपण आडनाव नोंदवले तरी त्याच आडनावाच्या दुसऱ्या माणसाला ते प्रामाणिक वापरापासून रोखणे अवघड असते. दुसरी अशी की, हे संरक्षण माणसाला आहे आणि त्यालाही प्रामाणिकपणाची अट आहे. किर्लोस्कर प्रोप्रायटरी लिमिटेड आणि किर्लोस्कर डिझेल रेकॉन या कंपन्यांमधील वादात मुंबई उच्च न्यायालयासमोर १९९५ मध्ये नेमका हाच मुद्दा आला होता. किर्लोस्कर हे आडनाव असलेल्या व्यक्तीने काढलेल्या कंपन्यांनाही ते नाव वापरण्यास मनाई कायम राहिली, कारण कंपनीचे नाव निवडून ठेवलेले असते, ते जन्माने मिळत नाही.

स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर बदलूनही सुटका होत नाही. महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्स आणि महिंद्रा अँड महिंद्रा यांच्यातील वादात पहिली कंपनी कागदाच्या व्यवसायात होती. तरीही 'महिंद्रा' या नावाने दीर्घ वापरातून स्वतंत्र ओळख मिळवली आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये मान्य केले आणि मनाई उठवण्यास नकार दिला.

आपले आडनाव एखाद्या प्रस्थापित उद्योगाच्या नावाशी जुळत असेल आणि व्यवसायही त्याच क्षेत्रातला असेल, तर ते नाव सोडून द्यावे हा आमचा सल्ला आहे, मग त्यामागची भावना कितीही खरी असो.

नावात 'पुणे', 'पुणेरी' किंवा एखाद्या गावाचे नाव घालता येईल का?

घालता येईल, पण त्याने नाव वेगळे ठरत नाही. कंपनी नियमांनुसार आधीच अस्तित्वात असलेल्या नावाला फक्त ठिकाणाचे नाव जोडले, तर ते त्याच नावासारखे मानले जाते. अनेकवचन करणे, शब्दांमधील अंतर काढणे, उच्चार तोच ठेवून स्पेलिंग बदलणे, शेवटी 'डॉट कॉम' लावणे किंवा शब्दांचा क्रम फिरवणे या युक्त्याही त्याच नियमाने निष्फळ ठरतात. इंग्रजीतील पूर्ण नावाचे हिंदी भाषांतर करूनही वेगळे नाव मिळत नाही.

शिवाय काही नावे भौगोलिक मानांकनाखाली आहेत. पुणेरी पगडीला २००९ मध्ये असे मानांकन मिळाले. पुरंदरचे अंजीर आणि पैठणी हीदेखील मानांकित आहेत. मानांकन त्या भागातील सर्व अधिकृत उत्पादकांचे सामायिक असते, त्यामुळे ते कोणा एकाला ट्रेडमार्क म्हणून स्वतःकडे घेता येत नाही.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या किंवा गडकिल्ल्यांच्या नावाने कंपनी काढता येईल का?

बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू आणि इंदिरा गांधी यांची नावे व चित्रे आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती व्यापारासाठी किंवा ट्रेडमार्क म्हणून वापरता येत नाहीत. गडांच्या नावांना अशी सरसकट बंदी नाही. मात्र जेथे मद्य विकले किंवा दिले जाते, त्या दुकानाला वा बारला महनीय व्यक्तींची किंवा गडकिल्ल्यांची नावे देण्यास महाराष्ट्राने २०२२ मध्ये बंदी घातली आहे.

'बँक', 'इन्शुरन्स', 'म्युच्युअल फंड' अशा शब्दांसाठी संबंधित नियामकाच्या अटी पूर्ण केल्याचे घोषणापत्र लागते, तर 'नॅशनल', 'कमिशन', 'अथॉरिटी' यांसारख्या शब्दांसाठी केंद्र सरकारची पूर्वमंजुरी.

नाव मोकळे आहे का, हे कसे तपासावे?

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपन्या आणि एलएलपी यांची नावे शोधता येतात, आणि ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा शोध विनामूल्य घेता येतो. दोन्ही शोध घ्यावेत. पहिला घेऊन दुसरा टाळणारे उद्योजक बरेच भेटतात आणि पुढच्या बहुतेक अडचणी त्यातून निर्माण होतात.

ट्रेडमार्कचा शोध घेताना केवळ हुबेहूब शब्द टाकून थांबू नये. उच्चारसाम्याचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा, कारण 'ष' आणि 'श', 'व' आणि 'ब', दीर्घ आणि ऱ्हस्व यांच्या फरकाने रोमन लिपीत एकाच शब्दाची चार-पाच रूपे होतात. साम्य ठरवताना न्यायालय दोन नावे शेजारी शेजारी ठेवून भिंगातून पाहत नाही. अर्धवट आठवणीवर विसंबणाऱ्या सामान्य ग्राहकाचा गोंधळ होईल का, हे पाहते. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच ही कसोटी वापरली. नावे औषधांची असतील, तर गोंधळामुळे जीवावर बेतू शकते, म्हणून कसोटी आणखी कडक असते. कॅडिला या औषध कंपनीच्या प्रकरणातील २००१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे.

त्यानंतर इंटरनेटवर, समाजमाध्यमांवर आणि आपल्या व्यवसायाच्या प्रत्यक्ष बाजारात चौकशी करावी. मसाल्यांचा व्यवसाय असेल तर मार्केट यार्डातील दोन घाऊक व्यापाऱ्यांना विचारून पाहावे. नोंदणी न केलेले परंतु वर्षानुवर्षे चालत आलेले नाव कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही, आणि तरीही त्याच्या मालकाला हक्क असतो.

नाव आरक्षित करण्याची पद्धत कोणती?

नव्या कंपनीसाठी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर 'स्पाइस प्लस' अर्जाचा पहिला भाग भरावा लागतो. त्यात दोन नावे पसंतीक्रमाने देता येतात आणि शुल्क १,००० रुपये आहे. पुण्यातील अर्जही हरियाणातील मानेसर येथील केंद्रीय नोंदणी केंद्रात तपासला जातो. कंपनी स्थापन झाल्यावर तिचा पुढील संबंध आकुर्डीच्या कंपनी निबंधक कार्यालयाशी येतो. मंजूर झालेले नाव २० दिवस राखून ठेवले जाते आणि जादा शुल्क भरून ही मुदत एकूण ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. जुन्या कंपनीने नाव बदलण्यासाठी आरक्षण केले असेल, तर मुदत ६० दिवसांची असते. अर्जात चुकीची माहिती दिल्याचे आढळल्यास आरक्षण रद्द होते आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

ट्रेडमार्कचा अर्ज केव्हा करावा? कंपनी अजून स्थापन झालेली नसेल तर?

नाव पक्के झाले की लगेच करावा. पाटी रंगवून घेण्याच्या आणि वेष्टने छापण्याच्या आधी. नोंदणी मिळाल्यावर तिचा परिणाम अर्जाच्या तारखेपासून धरला जातो, म्हणून प्रत्येक दिवस महत्त्वाचा असतो. वापर सुरू झाला नसेल तर 'वापरण्याचा प्रस्ताव आहे' असे नमूद करून अर्ज करता येतो. वापर आधीपासून असेल तर पहिल्या वापराची तारीख लिहून तिच्या समर्थनार्थ प्रतिज्ञापत्र व पुरावे द्यावे लागतात. ही तारीख फुगवून लिहिण्याचा मोह काही अर्जदारांना होतो. तसे कदापि करू नये. पुढे वाद झाला तर खोटी तारीख संपूर्ण हक्कावरच संशय निर्माण करते.

कंपनी स्थापन व्हायची असेल, तर कलम ४६ प्रमाणे प्रवर्तक स्वतःच्या नावाने अर्ज करून पुढे तो ट्रेडमार्क कंपनीकडे हस्तांतरित करू शकतो. हे हस्तांतरण लेखी करून त्याची नोंद घेणे अनेक जण विसरतात. काही वर्षांनी गुंतवणूकदार आला, की नाव कंपनीचे नसून एका संचालकाच्या वैयक्तिक मालकीचे आहे हे उघड होते आणि वाटाघाटी तेथेच अडतात.

अर्ज कोणत्या वर्गात करावा आणि खर्च किती येतो?

माल आणि सेवा यांचे एकूण ४५ वर्ग आहेत. १ ते ३४ मालाचे, ३५ ते ४५ सेवांचे. मसाले व बेकरीचे पदार्थ ३० व्या वर्गात येतात, उपाहारगृहे ४३ व्या, कपडे २५ व्या, औषधे ५ व्या, वाहने व त्यांचे सुटे भाग प्रामुख्याने १२ व्या, शिकवणी वर्ग ४१ व्या, आणि सॉफ्टवेअर ९ व्या व ४२ व्या वर्गात. हिंजवडीतील सॉफ्टवेअर कंपनीने या दोन्ही वर्गांचा विचार करावा. मिसळीचे उपाहारगृह चालवणाऱ्याला पुढे स्वतःचा मसाला पाकिटात विकायचा असेल, तर ४३ बरोबर ३० व्या वर्गातही अर्ज करावा.

व्यक्ती, मान्यताप्राप्त स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे. इतरांना ९,००० रुपये. म्हणजे उद्यम नोंदणी नावावर हक्क देत नसली तरी शुल्क निम्मे करते. नोंदणी दहा वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून ती कायम ठेवता येते. सर्व ४५ वर्गांत अर्ज करून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये: नोंदणी झाल्यापासून पाच वर्षे आणि त्यावर तीन महिने नाव वापरलेच नाही, तर कोणीही बाधित व्यक्ती ते नोंदवहीतून काढून टाकण्याची मागणी करू शकते.

नाव देवनागरीत नोंदवावे की रोमन लिपीत?

प्रत्यक्षात ज्या लिपीत वापरणार त्या लिपीत. दोन्हींत वापरणार असाल तर शक्य असल्यास दोन्ही रूपांचे अर्ज करावेत. महाराष्ट्रातील प्रत्येक दुकान व आस्थापनेची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असणे बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही हा नियम लागू झाला आहे. याचा अर्थ, पुण्यात आपला ग्राहक आपले नाव रोज देवनागरीत वाचणार आहे. असे असताना केवळ रोमन अक्षरांचा लोगो नोंदवून देवनागरी रूप वाऱ्यावर सोडणे शहाणपणाचे नाही.

पैसे एकाच अर्जापुरते असतील, तर लोगोऐवजी साध्या अक्षरांतील शब्दाचा अर्ज करावा. लोगोची रचना दर काही वर्षांनी बदलते, शब्द टिकतो.

'टीएम' आणि वर्तुळातील 'आर' यांत फरक काय?

'टीएम' हे चिन्ह नोंदणी नसतानाही लावता येते. वर्तुळातील 'आर' नोंदणी झाल्यावरच लावावे. नोंदणी नसताना ते लावणे कायद्याने दंडनीय आहे.

अर्ज केल्यानंतर काय होते?

मुंबईतील नोंदणी कार्यालयाच्या अखत्यारीत महाराष्ट्र येतो. अर्ज तपासून अधिकारी परीक्षण अहवाल देतो आणि आक्षेप असल्यास एक महिन्यात उत्तर द्यावे लागते. उत्तर न दिल्याने सोडून दिले गेलेले अर्ज फार असतात, म्हणून अर्जात दिलेला ईमेल नियमित पाहावा. आक्षेप दूर झाले की नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होते आणि चार महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकतो. हरकत आल्यास तिची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे हरकतीला लेखी उत्तर, द्यावेच लागते. ते न दिल्यास अर्ज सोडून दिला असे मानले जाते, आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. हरकत आली नाही, तर नोंदणी होते.

आम्ही वीस वर्षे नाव वापरत आहोत, पण नोंदणी दुसऱ्याने केली. आता काय?

घाबरून नाव बदलू नये. आपला वापर नोंदणीधारकाच्या वापरापेक्षा आणि त्याच्या नोंदणीच्या तारखेपेक्षाही आधीचा असेल, तर कलम ३४ नुसार तो आपल्याला रोखू शकत नाही. आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीधारकाच्या हक्काहून वरचढ असतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने तिरुनेलवेलीच्या हलव्याच्या नावाविषयीच्या २०१५ च्या निकालात पुन्हा सांगितले.

पुण्याने अशा स्वरूपाचा एक वाद जवळून पाहिला आहे. कॅम्प आणि कोरेगाव पार्क भागात १९९० च्या दशकापासून 'बर्गर किंग' नावाने चालणाऱ्या उपाहारगृहाविरुद्ध अमेरिकेतील त्याच नावाच्या कंपनीने २०११ मध्ये दावा लावला. त्या कंपनीची भारतातील उपाहारगृहे सुरू झाली ती २०१४ मध्ये. पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने २०२४ मध्ये दावा फेटाळला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने अपील प्रलंबित असेपर्यंत पुण्याच्या उपाहारगृहाला ते नाव वापरण्यास मनाई केली आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. आधीच्या वापराचे बळ किती मोठे असते, हे या घटनाक्रमात दिसते. आणि हक्क खरा असला तरी तो सिद्ध करत राहण्यात किती वर्षे जातात, हेही दिसते. म्हणून जुन्या व्यवसायांनीही नोंदणी करून घ्यावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

कोणी आमच्या नावाची नक्कल करत असेल तर?

आधी पुरावा गोळा करावा: नकली मालाची बिलासह खरेदी, पाटीची छायाचित्रे, चुकून आपल्याकडे आलेल्या तक्रारी किंवा ऑर्डर. त्यानंतर वकिलामार्फत नोटीस द्यावी. विलंब करू नये, कारण नोंदवलेल्या दुसऱ्या नावाचा वापर माहीत असूनही सलग पाच वर्षे मूकपणे सहन केला, तर कलम ३३ नुसार विरोध करण्याचा हक्क सामान्यतः गमवावा लागतो.

नोंदणी असेल तर उल्लंघनाचा दावा जिल्हा न्यायालयात लावता येतो आणि कलम १३४ मुळे तो आपल्या व्यवसायाच्या ठिकाणी, म्हणजे पुण्यातच, लावण्याची सोय मिळते. नोंदणी नसेल तर दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवल्याचा, ज्याला वकील 'पासिंग ऑफ' म्हणतात, तो दावा उरतो. त्यात आपला लौकिक, समोरच्याने निर्माण केलेली दिशाभूल आणि त्यामुळे झालेले किंवा संभवणारे नुकसान या तिन्ही गोष्टी शाबीत कराव्या लागतात. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर वाणिज्यिक दाव्यापूर्वी मध्यस्थीचा टप्पा बंधनकारक आहे. आमच्या मते तो केवळ उपचार म्हणून पार पाडू नये. शेजारच्या गल्लीतील लहान दुकानदाराने अजाणतेपणी नाव घेतले असेल, तर पाटी बदलण्यास दोन-तीन महिने देऊन लेखी समझोता करणे दोघांच्याही हिताचे असते.

लोगो आम्ही पैसे देऊन करून घेतला. तो आमचाच ना?

तसे गृहीत धरू नये. नावाला किंवा लहानशा घोषवाक्याला कॉपीराइट नसतो, पण लोगोला कलाकृती म्हणून असतो. आणि बाहेरच्या कलाकाराने तो केला असेल तर लेखी हस्तांतरणाशिवाय कॉपीराइट साधारणपणे त्याच्याकडेच राहतो. हस्तांतरणपत्रात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहावेत. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर केवळ भारतापुरता.

डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) घेतले की नाव सुरक्षित होते का?

होत नाही, मात्र डोमेनलाही व्यवसायाच्या नावासारखे संरक्षण मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात मान्य केले आहे. 'डॉट इन' डोमेन कोणी दुष्ट हेतूने अडवून ठेवले असेल, तर न्यायालयात न जाता लवादाच्या मार्गाने ते परत मागता येते. नाव ठरले की डोमेन त्याच दिवशी घ्यावे, आणि ते कर्मचाऱ्याच्या किंवा संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या खात्यावर न घेता कंपनीच्या खात्यावर घ्यावे.

भागीदार किंवा भाऊ वेगळे झाले तर नाव कोणाकडे राहते?

करारात लिहिले असेल त्याच्याकडे. काहीच लिहिलेले नसेल, तर भागीदारी संस्थेचा नावलौकिक ही संस्थेची मालमत्ता असते आणि विसर्जनाच्या वेळी तिचा हिशेब करावा लागतो. प्रत्यक्षात मात्र दोन्ही घरे तेच नाव लावतात आणि वाद पुढच्या पिढीकडे जातो. संबंध चांगले असतानाच करारनाम्यात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: नाव कोणाच्या मालकीचे, बाहेर पडणाऱ्याला ते कोणत्या शहरात वा कोणत्या मालासाठी वापरता येईल किंवा येणार नाही, आणि त्याचा मोबदला किती. घरातल्या घरात असे कागद करणे अनेकांना अवघड वाटते, हे आम्ही जाणतो. तरीही जे कुटुंब ते करते, त्याचे नाव आणि नाते दोन्ही टिकण्याची शक्यता अधिक असते.

चालू कंपनीचे नाव बदलायचे असेल तर?

नवे नाव आरक्षित करून भागधारकांच्या सभेत तीन-चतुर्थांश बहुमताने विशेष ठराव करावा लागतो आणि सरकारच्या मंजुरीनंतर नवे प्रमाणपत्र मिळते. जुन्या नावाचे करार आणि दावे तसेच चालू राहतात. पुढील दोन वर्षे पत्रव्यवहारावर आणि पाटीवर नव्या नावासोबत जुने नावही लिहावे लागते. पॅन, जीएसटी, बँक खाते, परवाने आणि ट्रेडमार्कची नोंद या सर्व ठिकाणी बदल कळवावा.

भारतातील नोंदणी परदेशात चालते का?

नाही, ट्रेडमार्कचा हक्क देशापुरता असतो. भारत २०१३ पासून माद्रिद करारप्रणालीत असल्याने भारतातील अर्जाच्या आधारे एकाच अर्जातून अनेक सदस्य देशांत संरक्षण मागता येते. भारतातील अर्जानंतर सहा महिन्यांच्या आत परदेशात अर्ज केल्यास तेथेही भारतातील अर्जाचीच तारीख धरली जाते. निर्यात करणाऱ्या चाकण किंवा रांजणगावच्या उत्पादकांनी ही सहा महिन्यांची तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवावी आणि परदेशातील वितरकाला स्वतःच्या नावाने आपला ट्रेडमार्क नोंदवू देऊ नये. तसे करण्यास करारातच स्पष्ट मनाई घालावी.